ती काय शिकत होती

चेन्नईत आल्या आल्या मी घरमालकांना 'काका' अशी हाक मारली आणि त्यांची मुलगी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. तमिळमध्ये काका म्हणजे कावळा, हे मला कोण सांगणार? त्या दिवसापासून ते मामा झाले आणि त्यांची बायको मामी. घर मैलापूरचं, माणसं तंजावरकडची मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की एखाद्या जुन्या पोथीतलं कुणीतरी उठून आपल्याला सांबार वाढतंय असं वाटायचं. मामींना माझ्या मराठीची वेगळीच तक्रार होती. "किती घाईनं बोलतेस गे, कोणी पाठीं लागलें आं?" म्हणायच्या. मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते आणि गिंडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढत होते.

मुलीची बारावी नुकतीच झाली होती. मी घरी आणलेल्या ड्रॉइंग्जवर ती ओणवी पडून असायची. हा दाता इथेच का, हा शाफ्ट कशावर फिरतो, प्रश्नांना अंत नव्हता. तिला मेकॅनिकलच करायचं होतं. मार्क चांगले होते, पण चेन्नईत तिला हवी ती सीट मिळणं कठीण होतं. कोइंबतूरला सरकारी कॉलेजात मिळण्यासारखी होती. कोइंबतूर म्हणजे हॉस्टेल. सीट निवडायचा दिवस, ज्याला तिथे सगळे काउन्सेलिंग म्हणत, जवळ येत चालला होता आणि मामांनी हो किंवा नाही, काहीच म्हटलं नव्हतं.

नेमकी त्याच सुमारास ती मालिका सुरू झाली. दर शुक्रवारी संध्याकाळी एका तमिळ चॅनेलवर, खून झालेल्या विद्यार्थिनींच्या खऱ्या कहाण्या. वरच्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या टीचर राहत. असलं एकटीनं बघवत नाही म्हणून त्या मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा घेऊन खाली यायच्या. कहाणी संपली की निवेदिका प्रेक्षकांची मतं वाचून दाखवायची, मामी ती मला मराठीत सांगायच्या आणि माझं डोकं फिरायचं. मुलीला मोबाईल दिलाच कशाला. अंधार पडल्यावर ती रस्त्यावर काय करत होती. एका गृहस्थांना तर तिच्या ड्रेसचा रंगही खटकला होता. मारणाऱ्याबद्दल कुणाचं काहीच मत नसायचं. मी मराठीत टीव्हीशी भांडायचे, टीचर तमिळमध्ये 'पण ते म्हणतात त्यातही थोडं खरं आहे' असं म्हणायच्या, आणि मामी दोघींच्या पुढे डबा सरकवायच्या.

मामा मत द्यायचे नाहीत. मालिका संपली की उठायचे, दाराची कडी लागलीय का बघायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठून बघायचे. पण दर शुक्रवारनंतर घरात काहीतरी बदलायचं. आधी मुलगी टायपिंगच्या क्लासला एकटी जायची, तिथे मामा तिला सोडायला जाऊ लागले. मग तिची सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर जुने पेपर रचले गेले. मग मैत्रिणीकडे जाणं बंद झालं. मुलगी ड्रॉइंग बघायलाही येईनाशी झाली, आणि ते मला फार लागलं. मला मामांचा राग यायचा. पण कडीवर ठेवलेला त्यांचा हात दिसला की तो राग टिकायचा नाही. एका कचेरीतला साधा कारकून, एकुलती एक मुलगी, आणि दर आठवड्याला टीव्हीवर कुणाची तरी तशीच मुलगी. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही कडीच बघितली असती.

अशाच एका शुक्रवारी मी म्हणाले, "ती निवेदिका मात्र मला आवडते. प्रत्येक मुलीला कशी 'मानवी' म्हणते, ती माणूस होती याची सारखी आठवण करून देते लोकांना." कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच ती मुलगी हसली. "अक्का, मानवी नव्हे, माणवि. माणवि म्हणजे स्टुडंट." टीव्हीच्या घाईत त्यांचा 'ण' मला 'न' ऐकू येत होता आणि इतके दिवस मी त्या बाईंवर खूष होते. टीचरांना ते समजावून सांगितलं तेव्हा त्याही हसल्या. मामा हसले नाहीत. "अम्ही तो शब्द इतक्यांदा ऐकतों," ते म्हणाले, "तूंच एकटीनं लक्ष देऊन ऐकलास." मला वाटलं, थट्टा करताहेत.

शेवटच्या भागात कहाणी नव्हती, नुसते प्रेक्षकांचे फोन होते. आधीच्या आठवड्यात दाखवलेल्या मुलीबद्दल लोक बोलत होते. ती लायब्ररीतून परतताना मारली गेली होती. एकाने लायब्ररीतल्या उशिरावर बोट ठेवलं, एकीने आईबापांची अक्कल काढली. एक जण म्हणाले, मुलींना घराजवळच शिकवावं, जमत नसेल तर शिकवू नये. मामा उठले. मला वाटलं कडीकडे चालले, पण ते फोनकडे गेले. लागत नव्हता, तरी शांतपणे पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले. मामींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं असणार, हे आता सगळ्या तमिळनाडूला सांगणार, 'मी माझ्या मुलीला पाठवणार नाही,' आणि एकदा टीव्हीवर बोललेलं परत घेता येणार नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

फोन लागला. टीव्हीचा आवाज बंद करा, असं पलीकडून सांगितलं असणार, कारण मामांनी खूण केली आणि मामींनी आवाज बंद केला. त्यामुळे पडद्यावर निवेदिका नुसते ओठ हलवत होती आणि हॉलमध्ये फक्त मामांचा आवाज होता. नाव सांगून झालं. त्यांचं मत विचारलं गेलं असावं.

"मत काही नाही," मामा तमिळमध्ये म्हणाले. "एक विचारायचं होतं. अंद माणवि एन्न पडिच्चा?"

ती विद्यार्थिनी काय शिकत होती?

निवेदिकेने समोरच्या कागदांकडे पाहिलं. एक कागद उलटला, दुसरा उलटला. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि तिचे ओठ थोडे हलले. मामांनी फोन ठेवला.

"काय म्हटली?" मामींनी विचारलं.

"ती माहिती अमच्याकडे नाही म्हणे." मामा येऊन खुर्चीत बसले. "पोरीनें रंग कोणता घातला होता तें माहीत, किती वाजतां निघाली तें माहीत. शिकत काय होती, तें कोणासही माहीत नाही." टीचर मुरुक्कूच्या डब्याचं झाकण लावत होत्या, ते लागत नव्हतं. मग मामा मुलीकडे न बघताच म्हणाले, "जिन्याखालचे पेपर काढ. सायकलीस गंज चढेल."

काउन्सेलिंगला बाप-लेक दोघंच गेली. परत आल्यावर मामींनी दारातच विचारलं, तर मामा म्हणाले, "मेकॅनिकल. कोइंबतूर," आणि चपला काढायला खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले, का लपवू.

ती गेल्यावर मामांची भीती गेली असं अजिबात नाही. संध्याकाळी हॉस्टेलच्या फोनवरून तिचा फोन यायच्या वेळेला ते आधीच फोनजवळ उभे असायचे. जेवलीस का, नीट झोपतेस का, हे मामी विचारायच्या. मामा एकच विचारायचे.

"आज काय शिकलीस?"

पलीकडून ती सांगायची, आणि ते एकेक इंग्रजी शब्द मोठ्याने परत म्हणायचे, लेथ, टॉर्क, फ्लायव्हील, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे. त्यातलं त्यांना काहीच कळत नव्हतं. पण त्यांच्या मुलीबद्दल हे कुणीही, कधीही विचारलं असतं, तर त्यांच्याकडे उत्तर होतं.