रिजेक्ट पाव

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघरात प्लास्टिकचे डबे जमतात ना, तसे ते जमतात. कुठून आला, कोणाचा आला, काही पत्ता नसतो. कपाट उघडलं की अंगावर पडतात! वाळूजला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये खिडकीजवळ एक टेबल आहे. मी स्टोअरवाला, सलीम मेंटेनन्सचा आणि गोरख क्वालिटीचा, अशी आमची तिघांची तिथं कित्येक वर्षांची बैठक. त्या टेबलाच्या नावावर किस्से पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे तरी एका पावाचे आहेत.

पूर्वी ते आम्ही टाळ्या देत सांगायचो. अजूनही सांगतो, फक्त गोरख टेबलावर नसताना.

*

आधी गोरख म्हणजे काय चीज आहे ते ऐका. क्वालिटी इन्स्पेक्टर. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, फिरवायचा, मापायचा आणि "रिजेक्ट!" म्हणून लाल क्रेटमध्ये टाकायचा. केसाएवढा फरक त्याला खपत नाही.

एकदा डिस्पॅचची घाई होती. मॅनेजर वैतागून म्हणाले, "गोरख, थोडं सोड की! गिऱ्हाईकाला कळणारसुद्धा नाही."

गोरख म्हणाला, "सर, पण मला कळलंय ना!"

बरं, हे कंपनीपुरतं असतं तर ठीक. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तर गणपतीचं चित्र एका बाजूला सरकलंय म्हणून यानं गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला. प्रेसवाल्यानं पुन्हा छापल्या, याला त्याही पटल्या नाहीत. शेवटी लग्न मुहूर्तावर लागलं, पत्रिका नंतर आल्या! सलीम अजून सांगतो, "मी जगातला एकटाच माणूस असंल, ज्याला लग्नाची दावत खाल्ल्यावर कार्ड मिळालं."

*

अशा माणसाला कंपनीनं नव्या मशिनींवरचा माल तपासायला व्हिएतनामला पाठवलं.

गोरखची आई वेरूळजवळच्या गावात थोरल्या भावाकडे राहायची. तिला सगळेच माय म्हणायचे, आम्हीसुद्धा. मायनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती शिदोरी संपली आणि गोरखचे हाल सुरू झाले. केळी, बिस्किटं, पुन्हा केळी! शेवटी एक दिवस भुकेनं कावून तो रस्त्यावरच्या एका गाडीसमोर उभा राहिला. तिथं एक बाई लांबट कडक पाव चिरून त्यात काय काय भरत होती. त्याला तिकडं बान्ह मी म्हणतात. यानं खुणेनं सांगितलं, मटण नको. बाईनं अंडं घातलं, मुळ्याच्या आणि गाजराच्या आंबट काड्या घातल्या, देठांसकट कोथिंबीर आणि वर हिरवी मिरची.

गोरखनं एक घास घेतला आणि भर रस्त्यात रडायला लागला!

बाईला वाटलं, मिरची लागली. तिनं घाईघाईनं बिनमिरचीचा दुसरा करून दिला. हा तोही खातोय आणि रडतोय! मग तिनं पाणी दिलं, बसायला स्वतःचं स्टूल दिलं आणि शेवटी हात जोडून पैसेच नको म्हणाली.

मिरचीचा काही संबंध नव्हता. लहानपणी गोरखची शाळा शेजारच्या गावात होती. मायला उजाडताच दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचं असे, ताट वाढून बसवायला वेळ कुठला? ती मुळ्याच्या काड्यांना मीठ-लिंबू चोळायची, कोथिंबीर आणि मिरचीबरोबर गरम भाकरीत घालायची आणि भाकरी दुमडून पोराच्या हातात द्यायची. चालत चालत खायचं. शाळेपर्यंत शेवटचा घास संपायचा. एवढ्या वर्षांनी तीच चव त्याला त्या परक्या गाडीवर सापडली.

संध्याकाळी त्यानं मायला फोन लावला.

"माय, आज लई भारी पाव खाल्ला."

"काय होतं त्यात?"

"मुळा, कोथिंबीर, मिरची."

"आन् मुळा खायला इमानात बसून गेलास व्हय?"

आम्ही हे ऐकून टेबल बडवून हसलो होतो. पण फोन ठेवता ठेवता माय म्हणाली, "आलास की मला करून घाल त्यो पाव. बघू तरी कसा लागतोय."

गोरख म्हणाला, "मायनं जन्मात काय मागितलं नाय. लुगडं नेलं तरी म्हणती, कशाला आणलं. पहिल्यांदा काय तरी मागितलं तिनं." परत आल्यावर त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. मायला तो पाव करून खाऊ घालायचा, आणि तोही अगदी तसाच!

*

पहिली अडचण पावाची. आपला पाव मऊ, तो कडक. गोरखच्या घरी ओव्हन नव्हता. सलीम म्हणाला, "काय को टेन्शन लेता? अपने मामू की भट्टी हैना!"

सलीमच्या मामूंची जुन्या शहरात नानची भट्टी. आम्ही तिघं पीठ घेऊन पोहोचलो. मामूंनी पीठ बघितलं, गोरखकडे बघितलं.

"लंबा काय को होना? गोल में क्या तकलीफ है?"

गोरखनं मोबाइलमधला फोटो दाखवला. मामूंनी मान डोलवली. लांबट गोळा केला आणि नेहमीच्या सवयीनं भट्टीच्या आतल्या भिंतीवर थाडकन चिकटवला. बाहेर काढल्यावर तितक्याच सवयीनं वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवला. इथल्या नानवर तो फिरवतातच, त्याशिवाय रंग येत नाही!

पिवळाधमक, चपटा, लांबट नान गोरखच्या हातात आला. त्यानं तो कानाशी धरून दाबला. कडक पाव दाबला की कुरकुर वाजला पाहिजे, ही त्याची टेस्ट.

"आवाज नाय. रिजेक्ट!"

मामूंनी आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द स्वतःच्या भट्टीसमोर ऐकला असावा. त्यांनी पाव काढून घेतला, त्यावर कालियाचा, म्हणजे मटणाचा, रस्सा ओतला आणि सलीमला म्हणाले, "इसको आइंदा मत लाना."

रस्सा आणि तो पाव मी आणि सलीमनं संपवला. झकास लागला.

*

मग गोरखनं ओव्हन घेतला आणि बजाजनगरच्या रो-हाउसमध्ये कारखाना सुरू झाला. पाव तो करणार, मुळा-गाजर त्याची बायको सुनीता. गोरखनं सांगितलं, काड्या व्हिनेगरमध्ये घालून बरणी फ्रिजमध्ये ठेव. पण सुनीतावहिनी पडल्या लोणचं घालणाऱ्या घरातल्या. बरणी म्हटलं की उन्हं दाखवायची! त्यांनी तोंडाला फडकं बांधून बरणी गच्चीवर ठेवली. व्हिनेगर लई झोंबतं म्हणून अर्धं पाणीही घातलं.

काही दिवसांनी गोरखनं गच्चीवर जाऊन फडकं सोडलं. उन्हात आंबलेल्या मुळ्याचा वास काय असतो, ते ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. खालून कोणीतरी ओरडलं, "गॅस लीक!" गल्लीतले सगळे रस्त्यावर. कोणी लाइट बंद करतोय, कोणी पोरं मोजतोय, एक काका तर आपलं सिलिंडर खांद्यावर घेऊन थेट चौकापर्यंत गेले.

गल्ली अशी रिकामी झालेली, आणि गोरख गच्चीवर उभा राहून मुळ्याची काडी चावतोय.

"आंबट जास्त झालं. रिजेक्ट!"

*

तिसरी भानगड आतल्या सारणाची. तिकडं आत मांसाचं काहीतरी मऊ मऊ लावतात. माय तर अंडंसुद्धा खायची नाही. सुनीतावहिनींनी डोकं चालवलं आणि वांग्याचं भरीत लावलं. खरं सांगतो, त्या दिवशी डबा उघडला तेव्हा सगळं कँटीन आमच्या टेबलाभोवती आलं! कडक पाव, भरीत, मुळा, कोथिंबीर. सलीमनं डोळे मिटून खाल्लं.

"गोरख, झालं यार तुझं! घेऊन जा मायकडं."

गोरखनं पाव उलटा करून बघितला. "खालून करपलाय."

"कुठं करपलाय? जरासा लाल झालाय!"

"कंपनीत सोडत नाय मी असला माल. मायला देऊ व्हय?"

असे कितीतरी सोमवार गेले. रविवारी गोरख पाव करायचा, सोमवारी रिजेक्ट माल आमच्या टेबलावर यायचा. कधी साल जाड, कधी आत पोकळ, कधी मुळा नरम. आम्ही मिटक्या मारत खायचो आणि खाता खाता लहानपणीचं बोलायचो. सलीम एकदा म्हणाला, "खुलताबादला आमची अम्मी इमलीचा खट्टा करायची. मी रोज नाक मुरडायचो. आता बायकोला म्हणतो, तसा कर. ती म्हणते, तसा म्हणजे कसा? आता मला काय सांगता येतं?"

मला माझ्या आईची साय-साखर लावलेली पोळी आठवली. ती करणारंही आता कोणी नाही. मी पाव संपवला.

आज ते आठवलं की वाईट वाटतं. तो पाव आख्ख्या डिपार्टमेंटनं खाल्ला, सलीमनं नेलेला मामूंनी खाल्ला, सिलिंडरवाल्या काकांनीही खाल्ला. जिनं मागितला होता, ती तेवढी राहिली.

*

मायकडे तो जात नव्हता असं नाही. गाडीवरून तासाभराचा रस्ता. दर सणाला जायचा, औषधं न्यायचा, फळं न्यायचा. माय पिशवीत डोकावून विचारायची, "त्यो पाव?"

"चाललंय माय. बनतोय."

"पाव बनतोय का धरण बनतंय?"

एकदा सुनीतावहिनी बरोबर होत्या. माय त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला सांग, लई कडक नको करू म्हणावं. दात कुठं ऱ्हायलेत मला?"

परत येताना वहिनींनी गाडीवर मागं बसून हे सांगितलं. "ऐकलंत का, आत्याबाईंना साधा बेकरीतला पाव न्या की. मऊ. आत मुळा किसून घाला. त्यांना तुमच्या हातचं खायचंय, व्हिएतनामचं नाय."

गोरख म्हणाला, "मऊ असतोच नाय तो. मग ते बान्ह मी कसलं?"

वहिनींनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही हसलोच. दात नसलेल्या बाईसाठी हा माणूस कडक पाव शोधतोय! केवढा विनोद! आता तो विनोद वाटत नाही.

पुढच्याच महिन्यात माय गेली. आजारी वगैरे काही नव्हती. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. गोरखच्या भावाचा फोन आला तेव्हा गोरख लाइनवर होता. हातातला जॉब त्यानं न मापता ओके क्रेटमध्ये ठेवला आणि चालत गेटबाहेर गेला.

*

दहाव्याला मी आणि सलीम गावी गेलो. नदीकाठी भावकी जमली होती. आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कोणी हलत नाही. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, असं मानतात. मग एकेक जण पुढं होऊन बोलतो, तुझं अमुक राहिलं असेल तर मी करीन, तमुक बघीन. कधीकधी दुपार होते. त्यामुळे लोक छत्र्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन तयारीनंच आले होते.

गोरखच्या हातात स्टीलचा डबा होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "बेकरीतला मऊ पाव हाय. मुळा किसलाय. आज काय तपासलं नाय त्यांनी."

गोरखचं सगळं ठरलेलं होतं. पिंड ठेवला की शेजारी पाव ठेवायचा आणि मायशी बोलायचं. काय बोलायचं, ते तो येताना पुटपुटत होता असं सलीम म्हणतो.

भावानं पिंड ठेवला. मंडळी मागं सरली. गोरख पुढं होऊन वाकला आणि डब्याचं झाकण काढू लागला. झाकण घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात कावळा आला. कुठून आला कोणी पाहिलं नाही. सरळ पिंडावर बसला आणि चोच मारली.

"शिवला! शिवला!" सगळ्यांनी हात जोडले. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारे म्हणाले, "पुण्यवान बाई! काय म्हंजी काय ऱ्हायलं नव्हतं तिचं. बसूसुद्धा दिलं नाय आपल्याला."

लोक चपला घालू लागले. कावळा घास घेऊन उडाला. आणि गोरख डबा छातीशी धरून नदीच्या वाळूतून त्याच्या मागं धावत सुटला.

"आरं, थांब की! ऱ्हायलंय तिचं! तिनं मागितला होता मला!"