हवा लागू द्या

इंगळे सिस्टर कुणाच्याही घरी आल्या की आधी खिडकी उघडत, मग चप्पल काढत. पाणी उभ्याने, चहा चालता चालता. अख्ख्या मोताळ्यात त्यांना बसलेलं पाहिल्याचा एकही साक्षीदार नव्हता. बाळंतिणीच्या बंद खोलीवर तर त्यांचा खास राग. म्हणायच्या, "हवा लागते म्हणता. अन् नाही लागली तं?"

त्या हिवाळ्यात माझी बहीण बाळंतपणाला आलेली. सकाळचा शेक आटोपून ती बाळासकट अंगणात उन्हाला बसली. बाजेखालची निखाऱ्यांची शेगडी तशीच राहिली. माझी सहा वर्षांची कनू गुपचूप आत जाऊन त्या उबदार बाजेवर झोपली. खिडकीच्या फटींत जुनं लुगडं कोंबणारा शहाणा मीच. तासाभराने शोधत आत गेलो, तर पोरीने मान टाकलेली.

आई मीठ-मोहऱ्या शोधू लागली, मी सिस्टरांना गाठलं. त्यांनी कनूला उचलून थेट दवाखान्यात नेलं. नवख्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला. आकडा नव्याण्णव. ऑक्सिजन उत्तम आहे, म्हणाले. तोवर सिस्टर मास्क बांधून मोकळ्या.

"सर, रक्ताची यष्टी भरेल दिसते, पण सीटवर बसलं कोण? शेगडीचा गॅस. हा चिमटा तोंडं पाहत नाही."

डॉक्टर चपापले आणि त्यांनी स्वतःच संभाजीनगरला फोन लावला. अॅम्ब्युलन्समध्ये कनूने डोळे उघडले, पण मला ओळखेना.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक बंद लोखंडी खोली होती. आत हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन रक्तात असा रेटतात, की त्या फुकट्या प्रवाशाला उतरावंच लागतं. पोरीसोबत कुणीतरी दीड तास आत थांबायचं होतं. मी दारातच घुटमळलो.

"भाऊ, मी बसते," सोबत आलेल्या सिस्टर म्हणाल्या.

बसते! त्या अवस्थेतही मी चमकून पाहिलं.

दाबाने कान दडतात, म्हणून जांभई द्यायची असते. गोल काचेतून दिसत होतं: सिस्टर जबडा फाडून जांभया देताहेत, कनू मख्ख. त्या पुन्हा. बाहेर मीही सुरू केलं, शेजारचा वॉर्डबॉयही. अखेर कनूने एक टिचभर जांभई दिली.

बाहेर आल्यावर तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग कुजबुजली, "बाबा, सिस्टर बसल्या होत्या."

मागच्या पौषात सिस्टर गेल्या. त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तर खोलीत माणसं दाटलेली, खिडकी बंद. कॉलेजात जाणारी कनू उठली, तिने कडी काढली. थंडी आत आली. एक आजीबाई कुरकुरली, "काऊन उघडली वं? हवा लागन ना."

"लागू द्या," कनू म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.