पिवळ्या रेघेमागे

माझं शेवटचं पोस्टिंग मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरजवळच्या एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये होतं. अमेरिकन आर्मीच्या लेखी ते पोस्टिंग नाही. आर्मी सोडून मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तरी मी ते पोस्टिंगच म्हणते, कारण रिपोर्टिंग टाइम होता, शनिवारी सकाळी ०८००, आणि उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं राहावं लागे.

काम असं होतं. एक छोटी संस्था इथून साध्या नागरिकांना वेस्ट बँकमध्ये पाठवते. तिथल्या पॅलेस्टिनी लोकांना शाळेत, दवाखान्यात, कामावर जाताना इस्रायली लष्कराचे चेकपॉइंट ओलांडावे लागतात. हे नागरिक पहाटे चेकपॉइंटच्या बाजूला संस्थेचं जॅकेट घालून उभे राहतात. गेट कधी उघडलं, कोणाला परत पाठवलं, रांग किती वेळ थांबली, ते बघतात आणि कळवतात. त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात. वाद घालायचा नाही, मध्ये पडायचं नाही. बघायचं, आणि आपण बघतोय हे दिसू द्यायचं.

संस्थेला ट्रेनिंगसाठी गेटच्या आतल्या बाजूला उभं राहिलेलं कोणीतरी हवं होतं. मी मिलिटरी पोलिसमध्ये स्पेशलिस्ट होते. इराकमधल्या एका बेसच्या गेटवर माझी ड्यूटी असे. रोज सकाळी स्थानिक स्वयंपाकी, सफाई कामगार, ड्रायव्हर आत यायचे आणि आम्ही त्यांना तपासायचो. माझा सार्जंट होता डॅनियल कोलमन. मितभाषी, मॅसॅच्युसेट्सचाच. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "आधी हात बघ. पण हातांवर थांबू नकोस. मग चेहरा बघ."

आवाजही त्यानंच दिला. घरी मी बोलले की आई अजूनही विचारते, "काय म्हणालीस?" कोलमन गेटपासून पन्नास यार्डांवर जाऊन उभा राहायचा आणि मला गेटवरून ओरडायला लावायचा. ऐकू गेलं नाही तर तो फक्त मान हलवायचा. तो आवाज मी फक्त गेटवर वापरला.

पार्किंग लॉटमध्ये आम्ही नकली चेकपॉइंट उभारला. बर्फ अडवायला लावतात ती केशरी जाळी, लाकडी खांब, फोल्डिंग टेबल. फिरतं गेट यूसुफनं बनवलं. यूसुफ साठीचा, हेब्रॉनजवळच्या गावचा, इथे टाइल्स बसवण्याचा धंदा करणारा. तरुणपणी तो रोज असाच रांगेतून कामावर जायचा. "इथून श्रूजबरी, एवढंच अंतर," तो म्हणाला. "गाडीनं दहा मिनिटं. मला तीन तास लागायचे." गेट त्यानं इतकं अरुंद केलं की पिशवी घेतलेला माणूस त्यात अडकायचा. मी रुंद करायला सांगितलं, तर म्हणाला, "नाही. असंच असतं."

ऑब्झर्व्हरची जागा म्हणजे पार्किंगची पिवळी रेघ. पाय रेघेमागे, हात दिसतील असे.

त्या बॅचमध्ये निर्मलाकाकू होत्या. मूळच्या नागपूरच्या, अनेस्थेटिस्ट म्हणून रिटायर झालेल्या. मी नऊ वर्षांची असताना पुण्याहून श्रूजबरीत आले तेव्हापासून त्या मला ओळखतात. मराठी शाळेत त्या आम्हाला पाढे शिकवायच्या. त्यांच्याबरोबर काम करणारी नर्स अमल पॅलेस्टिनी होती. तिची आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाताना गेट ओलांडायची, ते ऐकत काकूंनी कितीतरी वर्षं काढली होती. "भूल देणं पाच मिनिटांचं काम," त्या मला म्हणाल्या. "बाकी सगळं बघत बसणं. पस्तीस वर्षं मी झोपलेल्या माणसांचे श्वास बघितले. मला तिकडे जायचंय, मुक्ता."

जाऊ द्यायचं की नाही, हे मी ठरवणार होते.

पहिल्या ड्रिलमध्ये मी सैनिक झाले आणि यूसुफला अडवून ठेवलं. दोन मिनिटांत काकू रेघ ओलांडून माझ्यासमोर.

"काय गं, त्या बिचाऱ्याला उभं काय करून राहिली? तुझ्या आईला फोन लावू का?"

सगळे हसले. मीही जवळजवळ हसले. दुसऱ्या ड्रिलमध्ये त्यांनी यूसुफच्या हातात केळं दिलं. तिसऱ्यात मला "बाळा" म्हणून समजावलं.

लंच ब्रेकमध्ये मी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, चारचौघांत बोलणी खाल्लेला विशीतला सैनिक काय करेल? गेट बंद करेल."

"मग मी बघत राहू नुसती?"

उत्तर यूसुफनं दिलं. "डॉक्टर, तुम्ही सैनिकाला रागवाल आणि संध्याकाळी खोलीवर जाल. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच सैनिकासमोर मी असेन."

काकूंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे, यूसुफभाई." डबा बंद केला आणि उठून रेघेमागे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रिलला अजून वेळ होता.

फायनल एक्सरसाइज पुढच्या शनिवारी दुपारी होती. फेब्रुवारीचा शेवट, थंडी शून्याच्या खाली. ऑब्झर्व्हरना वॉकीटॉकी दिले होते. एक नियम आर्मीतला होता: सरावात खरोखर कोणाला काही झालं, तर 'रिअल वर्ल्ड' म्हणायचं. ते ऐकलं की सगळं थांबतं.

मी काकूंना सोपं जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. गेटशी आल्यावर यूसुफचा परवाना मी परत केला, पुन्हा मागितला, पुन्हा परत केला. मग गेटवरच्या आवाजात म्हणाले, "स्टेप बॅक!"

यूसुफ मागे गेला नाही.

"स्टेप बॅक!"

त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. त्याचा उजवा हात जॅकेटच्या आत गेला.

माझ्याकडे शस्त्र नव्हतं. तरी माझा हात जिथे रायफल असायची तिथे गेला. "हँड्स!" मी ओरडले. मागे रांगेत उभे केलेले बॅचमधले बाकीचे लोक हसत होते. यूसुफ आज फार छान काम करतोय असं त्यांना वाटलं.

माझ्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून काकूंचा आवाज आला. हळू, सपाट, ऑपरेशन थिएटरमधला.

"कंट्रोल, धिस इज लाइन वन. रिअल वर्ल्ड. रिअल वर्ल्ड. गेटवरच्या माणसाला घाम आलाय. इतक्या थंडीत घाम. डोळे एका जागी ठरत नाहीत. ओव्हर."

मी चेहरा बघितला. कपाळावरून पाणी वाहत होतं. जाळी बाजूला सारून मी पुढे झाले आणि त्याचे गुडघे वाकले तेव्हा तो माझ्या हातांत होता. जॅकेटच्या आतल्या त्याच्या मुठीत खजूर होता.

रमझान सुरू झाला होता. यूसुफला डायबेटिस होता, उपाशीपोटी साखर उतरली होती, आणि आपण रोजा धरलाय हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

"काकू!" मी हाक मारली.

त्या सहा-सात पावलांवर होत्या. पाय रेघेमागे, दोन्ही हात दिसतील असे. त्यांनी विचारलं, "ओलांडू?"

"ओलांडा!"

त्या धावत आल्या. चर्चच्या फ्रिजमधला ॲपल ज्यूस कोणीतरी आणला. यूसुफनं तोंड फिरवलं. सूर्यास्ताला अवकाश होता.

"यूसुफभाई, आजारी माणसाला सूट असते हे तुम्हीच मला परवा सांगितलंत," काकू म्हणाल्या. "तोंड उघडा."

त्यानं उघडलं. अर्ध्या तासात तो चर्चच्या पायरीवर ब्लँकेट गुंडाळून बसला होता आणि गेटची बिजागरी नीट बसली नाही म्हणून कुरकुरत होता. मग काकूंकडे बोट दाखवून मला म्हणाला, "त्यांनी जे दिसलं तेवढंच सांगितलं. एक शब्द जास्त नाही. त्यांना पाठवा."

मी आधीच ठरवलं होतं. काकूंना सांगायला गेले तर त्या केशरी जाळीची गुंडाळी करत होत्या.

"मुक्ता, नापास का मी? विचारण्यात वेळ घालवला."

"नाही काकू. पास."

"मग अशी रडक्या तोंडानं काय सांगून राहिली?"

काकू मार्चमध्ये गेल्या आणि मे महिन्यात परतल्या. वजन उतरलं होतं, चेहरा उन्हानं रापला होता. मी विचारलं, तर थोडक्यात सांगितलं. "कधी गेट उघडायचं, कधी नाही. मी दोन्ही कळवलं. एक मास्तर रोज जाताना गुड मॉर्निंग म्हणायचे. नंतर नंतर विचारायला लागले, उद्या आहात ना? मी म्हणायची, आहे." मग म्हणाल्या, "आणि रोज आधी हात बघितले. मग चेहरा. हे तुझं चांगलं आहे."

"माझं नाही," मी म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कोलमनबद्दल सांगितलं. बेसवर ड्रोन आले त्या सकाळी गेटवर कामगारांची रांग होती. सायरन झाल्यावर त्यानं रांगेतल्या एकेकाला बंकरमध्ये ढकललं. मलाही. शेवटचा तो स्वतः होता. तो पोचला नाही.

मेमोरियल डेला, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, मी त्याच्या गावी दफनभूमीत जाते. या वर्षी काकू म्हणाल्या, "मी येते." यूसुफनं खजुरांचा डबा दिला होता. तिथे प्रत्येक दगडाशी छोटा झेंडा होता. ओळीच्या कडेला, गवत सुरू होतं तिथे, काकू थांबल्या. हात बाजूला, दिसतील असे.

"ओलांडू?"

"ओलांडा, काकू."

त्यांनी दगडावर हात ठेवला आणि डबा खाली ठेवला. मी अटेन्शनमध्ये उभी राहिले, सॅल्यूट केला आणि त्याचं नाव घेतलं, गेटवरच्या आवाजात.

"सार्जंट डॅनियल कोलमन!"

पार पलीकडच्या ओळीतल्या लोकांनी वळून पाहिलं.