अध्यक्षीणबाई

आमच्या रिह्याच्या खोऱ्यात आवणीला गाणी म्हणायची रीत होती, पण माझ्या काकीला गाणं येत नसे. गाणं येत नाही ते नाही, वर तिचा आवाज असा की ती सुरू झाली की बांधावरचे बगळे उडायचे. म्हणून ती गोष्ट सांगायची. आवणी म्हणजे भाताचं रोप खाचरात लावणं. आमच्याकडे ती सावडीनं होते. आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात, उद्या त्याच बाया माझ्या. अकरा बाया एका ओळीत वाकायच्या आणि लावत लावत मागं सरकायच्या. मागचा बांध पायाला लागेपर्यंत कुणी कंबर सरळ करायची नाही, हा नियम. एक उठली की सगळ्यांच्या कंबरा बोलायला लागतात. एखादी मागं पडली, तर शेजारची न बोलता तिच्या वाटणीची चार रोपं लावून टाकायची. ओळ मात्र सगळ्यांनी मिळून संपवायची.

अठ्ठ्याण्णव साली मी पाचवीत होते आणि त्या वर्षी पहिल्यांदा ओळीत उभी राहिले. त्याच ओळीत मला अध्यक्षीणबाई भेटली.

"एक देश हाय," काकी चिखलाकडे बघत म्हणाली. "लई लांब. तितं बी भातच पिकतो. त्या देशाची मुख्य एक बाई हाय. कलेक्टर बी तिला बघून उटून उभा ऱ्हातो."

ही बाई सातवी मुलगी. आधीच्या सहाजणींच्या बारशात घरातली सगळी नावं संपली आणि हिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. ती शेळ्या राखायची आणि शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहून पाढे पाठ करायची. आतली मुलं चुकली की बाहेरून बरोबर उत्तर यायचं. मास्तरांनी तिला आत घेतली ती कौतुकानं नव्हे, तर ती बाहेरून बोलते याचा त्यांना वैताग आला म्हणून. मला हे फारच पटलं. मीही वर्गात अशीच आगाऊ होते.

गोष्ट दर आवणीला पुढे सरकायची. दुसऱ्या वर्षी तिला गावच्या पाण्याची किल्ली सांभाळायचं काम मिळालं. मंत्र्याची बायको रांग मोडून पुढे आली, तेव्हा ही म्हणाली, "बाई, तुमच्या म्होरं चौदा घागरी हायेत," आणि किल्ली कमरेला खोचून बसली. तिसऱ्या वर्षी ती निवडणुकीला उभी राहिली. विरोधक म्हणाले, जिला नाव नाही तिचा अर्ज कसला? मग मतपत्रिकेवर तिच्या नावाची जागा कोरी सोडली आणि सगळ्या देशानं त्या कोऱ्या जागेवर शिक्के मारले. हे ऐकताना माझ्या हातातली रोपांची मूठ तशीच राहिली. शेजारच्या म्हातारीनं माझी चार रोपं लावली आणि वर मला कोपरानं ढोसलं.

मी नागरिकशास्त्र शिकत होते, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. "काकी, राष्ट्राध्यक्षाला संसद लागते," मी म्हटलं.

"हाय की संसद. बांधावर भरती."

"तसं नसतं."

"तुझ्या पुस्तकात नसंल. तितं हाय."

तिच्या देशात दोन कायदे फार कडक होते. पहिला, अध्यक्षीणबाईनं दरवर्षी एखाद्या अनोळखी शेतकऱ्याच्या खाचरात एक ओळ लावायची. मध्येच कंबर सरळ केली, तर खुर्ची गेली. दुसरा, तिच्या घरी कागद न्यायचा नाही. ती खुर्चीत बसून, लोकांसमोर, मोठ्यानं वाचूनच सही करणार. हा दुसरा कायदा आला की काकीचा हात भराभर चाले. बायांना कारण ठाऊक होतं. काकीचं माहेर वर डोंगरातल्या वाडीवर. तिचे वडील जेवायला बसले असताना दोन माणसं कागद घेऊन दारात आली होती. उजवा हात खरकटा होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. पुढच्या वर्षी त्यांच्या खाचराभोवती तारेचं कुंपण होतं.

मी दहावीला गेले त्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. काकाला पुढारपणाची भारी हौस. कडक इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं. त्यानं काकीला उभी केली, निवडून आणली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन खुर्चीत बसला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आजूबाजूच्या गावांतही तेच चाले. कारभार नवऱ्यानं पाहायचा, ग्रामसेवकानं रजिस्टर घरी आणायचं आणि बाईनं पीठ झटकून सही करायची. आवणीच्या ओळीत मात्र त्या वर्षी एकच विषय होता. देश निर्माण करणारी आमची काकी स्वतः खुर्चीत बसणार, की चुलीपुढेच सह्या करणार?

महिन्याभरात रजिस्टर आलं. दुपारची वेळ होती आणि काकी भाकरी थापत होती. काकानं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"परवा ग्रामसभा हाय नव्हं? तितं येते. समद्यांम्होरं वाचीन, मग सही करीन."

"तुला वाचाया येतं व्हय?" काका म्हणाला. त्यानं कुत्सितपणे विचारलं नव्हतं, त्याला खरंच माहीत नव्हतं. काकी दुसरीतून शाळा सोडलेली. शेवटी ग्रामसेवक रजिस्टर परत घेऊन गेला आणि काका न जेवता उठला.

त्या दुपारी काकीनं कणगीच्या मागून माझी जुनी नागरिकशास्त्राची पुस्तकं काढली. मी समजत होते ती केव्हाच चुलीत गेली. कोपरे झिजले होते, पानांना हळदीचे डाग होते. पाच वर्षं ही बाई माझ्याच मागून तेच धडे गिरवत होती आणि मी तिला संसद शिकवत होते. मला माझीच लाज वाटली. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली तरी चिडायचं सोडत नाही. दोन दुपारी ती वाचायला बसली आणि जोडाक्षरापाशी अडकली की मी पुढचं ओरडून सांगायचे. तिनं पुस्तक मिटलं.

"तू सांगू नगंस. अडकले तरी माजी मलाच सुटू दे."

ग्रामसभेला काका सवयीनं खुर्चीत बसला होता. काकी समोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागून सावडीतल्या बाया आत आल्या. ग्रामसभेला बाया कधी आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. खाचरात ज्या क्रमानं वाकायच्या, त्याच क्रमानं त्या पहिल्या रांगेत बसल्या. काकानं त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि उठला. मागून कुणीतरी "नाकापेक्षा मोती जड" म्हटलं, ते त्यालाही ऐकू गेलं असणार.

काकी खुर्चीत बसली. तिनं पदर खोचला, बोट अक्षरावर ठेवलं आणि वाचायला लागली.

तसं वाचन मी पुन्हा कधी ऐकलं नाही. एकेक अक्षर ती चिखलातून पाय उचलावा तसं उचलत होती. 'सदर' झालं. 'मिळकतीतील'ला तिला तीनदा मागं यावं लागलं. कपाळावर घाम होता, बोट हलत नव्हतं. माझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता आणि मी दातांनी जीभ धरून बसले होते.

"सकाळपर्यंत ऐकायचं का हे?" मागून एकजण म्हणाला.

ओळीतली ती म्हातारी मागं न बघता बोलली, "वळ निघाली हाय. बांध येईस्तवर कुणी उटायचं न्हाई."

कुणी उठलं नाही. सगळं गाव एका बाईच्या बोटामागून चालत राहिलं. मी आजवर पुण्याला जाऊन मोठमोठ्या सभागृहांत बसले आहे, चांगले वक्ते ऐकले आहेत. पण तशी शांतता मला पुन्हा भेटली नाही.

शेवटच्या वाक्यात ती पुन्हा अडकली. "व... हि... वाट. वहिवाट. बंद करण्यास... ग्रामपंचायतीची हरकत नाही." तिनं मान वर केली. "कुटली वहिवाट?"

ग्रामसेवकानं घसा साफ केला. "वरच्या झऱ्याकडं जाणारी. तिथं बंगले होणार आहेत."

त्या झऱ्यावर अकराही जणी पाणी भरत होत्या. उन्हाळ्यात गावाला दुसरं पाणी नव्हतं. काकानं ठराव वाचलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. काकीनं पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटून ग्रामसेवकाच्या हातात दिलं. वहिवाट राहिली.

पुढच्या आवणीला काकी सरपंच म्हणूनच ओळीत वाकली. बाया म्हणाल्या, अध्यक्षीणबाईचं पुढं काय झालं? काकी म्हणाली, "आता पोरगी सांगंल."

मग मी सांगितलं. त्या देशात एकदा एक मोठा कागद आला, सगळी संसद बांधावर जमली. मला काकीचा मोठेपणा दाखवायचा होता, म्हणून माझा आवाज चढला. "अध्यक्षीणबाई खुर्चीत बसली, कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचून दाखवला."

ओळ थांबली. मी मान वळवून पाहिलं. बांध अजून बराच लांब होता आणि काकी कंबर सरळ करून उभी होती. इतक्या वर्षांत मी तिला ओळीच्या मध्ये उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"घडाघडा न्हाई," ती म्हणाली. "अडकत अडकत वाचला. तसंच सांग."

आणि ती पुन्हा वाकली.