चोयाचे चुकलेले नेम

आमच्या मैदानावर लुडी बर्कहॉल्टर अशी हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघत नाही. तिथे ती चोया. चोया म्हणजे आमच्या माळावरचं निवडुंग. जवळून नुसतं गेलं तरी अंगाला चिकटतं आणि चिमट्याशिवाय निघत नाही. हे नाव तिने स्वतःच घेतलं. बाकीच्यांनी नावं घेताना थोडा तरी रुबाब बघितला होता, हिने सरळ खरं सांगून टाकलं.

महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तीसेक मोठी, नातवंडं असलेली माणसं पणज्यांच्या काळातले कपडे चढवतो. टोप्या, बूट, बायकांचे घोळदार झगे. कमरेला दोन रिव्हॉल्व्हर लटकवतो, सोबत रायफल आणि शॉटगन घेतो आणि लोखंडी पत्र्यांवर शिशाच्या गोळ्या झाडत बसतो. हा वेडेपणा आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको, माझा नवरा दर शनिवारी सांगतो. ओहो सेको गावात मी केस कापते, म्हणून मी कात्री. गुरांच्या चाऱ्याचं दुकान असलेला वेंडेल आपली पाळी आली की डोळे मिटून ओठ हलवतो, म्हणून तो पाद्री. पाण्याचा टँकर चालवणारा बेनिसियो उभ्या उभ्या पेंगतो, तो डुलकी. आणि दातांचे निवृत्त डॉक्टर म्हणजे अक्कलदाढ. तो आमच्या खेळाचा कारभारी. नियमांचं पुस्तक त्याच्या खिशात असतं आणि हात कायम त्या खिशावर.

प्रत्येक डावाला अक्कलदाढ एक गोष्ट रचतो. गुरं चोरीला गेलीत, किंवा बँकेत दरोडेखोर शिरलेत. नेमबाजाने त्यातलं ठरलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं, मग मी हातातल्या घड्याळाचा भोंगा वाजवते आणि गोळीबार सुरू होतो. बाजूला तीन पंच उभे असतात. ते चुकलेले नेम मोजतात आणि शेवटी बोटं वर करतात. एकही चुकला नाही तर मूठ. तिघांपैकी दोघांचं जुळलं की तोच निकाल. प्रत्येक चुकीला पाच सेकंद वाढतात. शंका असेल तर फायदा नेमबाजाचा, हाही नियम आहे.

घड्याळवालीने नेमबाजाच्या हातांकडे बघायचं, पत्र्याकडे नाही, असाही एक नियम आहे. म्हणून पुढे जे झालं त्यात मी नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण यातल्या काही जणांना मी शिव्या घालणार आहे.

चोया आयुष्यभर सरकारी रस्त्यांवर यंत्र चालवायची, मातीचे रस्ते खरवडून सपाट करणारं ते पिवळं धूड. न्यू मेक्सिकोच्या या कोपऱ्यात तोवर कुणा बाईने ते चालवलं नव्हतं. तिच्या मुकादमाने तिला माळावरचा सरळसोट रस्ता दिला. ती गेली की मागून दुसऱ्याला पाठवून तो रस्ता पुन्हा करून घ्यायचा. तिला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप! कळलं त्या दिवशी तिने यंत्र रस्त्यात आडवं लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चाकाला टेकून डबा उघडला. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. मुकादम धापा टाकत आला.

"लुडी, हे काय चाललंय?"

"माझं काम वाईट असेल तर तोंडावर सांग. चांगलं असेल तर माझ्या मागे कुणाला पाठवू नकोस. आणि मला घाटातला रस्ता पाहिजे."

घाटातला रस्ता तिला मिळाला. निवृत्त होईपर्यंत तो तिच्याकडेच होता.

नवरा गेल्यावर ती आमच्या टोळीत आली. इतरांसारखी आजची साधी काडतुसं वापरणं तिला मंजूर नव्हतं. ती जुन्या काळची काळी बारूद स्वतः घरी भरते. तिने बार काढला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो, नासक्या अंड्यांचा वास सुटतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. कानात बोळे, समोर धूर. आपली गोळी लागली की नाही ते तिला पंचांकडूनच कळायचं. पंचांवर तिचा विश्वास होता. आमच्या खेळात दुसरं आहे तरी काय?

मग तिचा उजवा डोळा गेला. पूर्ण नाही, मधोमध एक काळा डाग आला. त्या डोळ्याने माणसाकडे बघितलं की कान दिसतात, नाक दिसत नाही, असं ती सांगायची. "तुझ्या बाबतीत काही बिघडलं नाही, पाद्री," असंही वर म्हणायची.

आणि त्याच उन्हाळ्यात चोया बिनचूक नेम मारायला लागली.

एकामागून एक डाव, पंचांच्या मुठीच मुठी. जुलैमध्ये अख्खा दिवस तिचा एकही नेम चुकला नाही. दिवसभर बिनचूक राहणाऱ्याला आमच्याकडे एक छोटी पितळी नाल देतात, टोपीला लावायला. चोयाला ती कधीच मिळाली नव्हती. अक्कलदाढने जेवणाच्या वेळी ती तिच्या टोपीला लावली. सगळे उठून टाळ्या वाजवत होते, पाद्री तर डोळे पुसत होता. ती मात्र हिरव्या मिरचीच्या रश्श्यात भाकरीचा तुकडा बुडवून तसाच धरून बसली होती.

घरी जाताना गाडीत ती मला म्हणाली, "कात्री, डोळा गेला आणि नेम सुधारला. मी काय संत झाले?"

"सराव असतो बाई," मी म्हटलं.

"गप ए," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती सर्वांच्या आधी मैदानावर आली. पत्र्यांना पांढरा रंग मारायचं काम तसं तिचंच. त्या दिवशी तिने दोन-दोन हात मारले आणि जाहीर केलं की पहिली पाळी आपली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या डावात नुसत्या रायफलच्या दहा गोळ्या होत्या, दोन पत्र्यांवर. तिने वाक्य म्हटलं, मी भोंगा वाजवला, ती धुरात बुडाली. धूर विरला तेव्हा पाद्री, डुलकी आणि तिसरा पंच मुठी वर करून हसत उभे होते.

चोयाने रायफल रिकामी करून दाखवली, टेबलावर ठेवली आणि ओरडली, "सगळ्यांच्या बंदुका टेबलावर! मी पुढे चाललेय!"

कुणी पुढे जायचं म्हटलं की बंदुकीला हात लावायचा नाही. तिथे आम्ही थट्टा करत नाही. सगळे जिथल्या तिथे थांबले. ती पत्र्यांपाशी गेली, नाक लावून, चांगला डोळा लावून बघायला लागली. शिशाची गोळी ओल्या रंगावर बसली की राखाडी डाग उठतो. ती मोठ्याने मोजत होती. सातावर थांबली.

"दहा झाडल्या, सात डाग. बाकीच्या तीन कुठे गेल्या, पाद्री? मेक्सिकोत?"

पाद्री टोपी हातात घेऊन उभा. "एकाच जागी दोन-दोन बसल्या असतील गं."

"माझ्या या डोळ्याने? एकाच जागी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्कलदाढचा हात खिशाकडे गेला. "चोया, दोन पंचांचं जुळलं की निकाल झाला. पत्रा साक्षीदार नसतो. पुस्तकात लिहिलंय."

"खोटं मोजा असंही लिहिलंय का पुस्तकात?"

"निकाल बदलता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने रंगाची रिकामी बादली पालथी घातली, बरोबर दोन पत्र्यांच्या मधोमध, आणि आमच्याकडे तोंड करून तिच्यावर बसली. झगा नीट केला. टोपी पुढे ओढली.

समोर माणूस बसलंय म्हटल्यावर गोळी कोण झाडणार? खेळ ठप्प झाला. ऑगस्टचं ऊन, सावली कुठेच नाही. आम्ही पाणी पाठवलं, ते तिने घेतलं. छत्री पाठवली, ती परत पाठवली. डुलकी माझ्या शेजारी येऊन पुटपुटला, "चांगल्यासाठीच केलं गं आम्ही." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मेल्या, तुझ्या टँकरमध्ये उद्या मी चांगल्यासाठी वाळू भरते, चालेल?"

शेवटी पाद्री तिच्याकडे चालत गेला. मीही मागोमाग गेले, ती उठून त्याला हाणेल अशी मला भीती होती.

"लुडी," त्याने खरं नाव घेतलं. मैदानावर असं कुणी करत नाही. "हे मी सुरू केलं. बाकीच्यांना मी गळ घातली. तुझे नेम चुकत गेले असते तर तू यायची बंद झाली असतीस. माझी मार्था वारल्यापासून माझ्याकडे या शनिवाराशिवाय काही नाही. मी तुझे नेम नव्हतो सांभाळत, माझा शनिवार सांभाळत होतो."

तिने मान थोडी तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, त्याचं नाक दिसावं म्हणून.

"वेंडेल, मी चुकले तरी मी तिथे असते. उभी असते, बंदूक माझ्या हातात असते, चूक माझी असते. तुम्ही मला तिथून पुसून टाकलंत. माझ्या जागी एक लाडकी म्हातारी उभी केलीत आणि तिला नाल दिलीत." तिने टोपीवरची नाल बोटाने ठोकली. "मला ती म्हातारी आवडत नाही. तिला घालवून द्या."

मग मान वर करून ती ओरडली, "अक्कलदाढ! तीन चुका लिही! नाहीतर जेवण इकडेच पाठव!"

अक्कलदाढने पुस्तक काढलं, उघडलं, मिटलं. सगळी टोळी त्याच्याकडे बघत होती. त्याने तीन लिहिले. चोया उठली, बादली उचलली, परत येताना टोपीची पितळी नाल काढली आणि त्याच्या कॉफीच्या मगात टाकली. "आणि यापुढे माझ्या पाळीला कात्री पंच असेल," तिने बजावलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिच्या पाळीपुरतं माझं घड्याळ तिसऱ्या पंचाकडे गेलं.

पुढच्या महिन्यात ती येईल की नाही यावर डुलकीने पैज लावली होती. ती आली, प्रत्येक डावाआधी पत्रे रंगवले आणि पुन्हा पहिली उभी राहिली. दिवसभर आम्ही दिसलं तसं मोजलं. दोन बोटं, चार बोटं, एकदा तर पाच. सोपं नव्हतं. तुमची मैत्रीण धुरातून वळून तुमच्या हाताकडे बघते आणि तुम्ही तिला चार बोटं दाखवता, हे करून बघा एकदा. पाद्री बोटं छातीपाशीच धरायचा. ती दरडावायची, "वर कर नीट, मला अर्धंच दिसतं!"

शेवटच्या डावाची गोष्ट होती माळावरच्या विहिरीची. वाक्य होतं, "ही विहीर माझी आहे, पाणी प्या आणि चालते व्हा." चोयाने ते असं म्हटलं की पाणी मागायची कुणाची छाती झाली नसती. भोंगा वाजला. रिव्हॉल्व्हर झाले, शॉटगन झाली, मग रायफल. दहावी गोळी सर्वांत लांबच्या, सर्वांत लहान पत्र्यावर. बार, धूर, आणि पत्र्याचा आवाज काहीच नाही, किंवा अगदी बारीकसा.

पाद्रीने तीन बोटं वर केली, डुलकीनेही तीन. ऑगस्टपासून दोघं इतके धास्तावले होते की शंकेचा फायदा वगैरे पार विसरून गेले होते. मी दोन बोटं वर केली.

"तीन," अक्कलदाढ लिहायला लागला.

"थांब," चोया म्हणाली. "कात्री, तू दोन म्हणतेस?"

"शेवटची कडेला लागली. पत्रा हलला."

"दोघांचं तीनवर जुळलंय," अक्कलदाढ म्हणाला. "आणि पत्रा साक्षीदार—"

तो मध्येच थांबला. अख्खी टोळी हसायला लागली होती.

"बोल, बोल," चोया म्हणाली. "पत्रा माझ्याविरुद्ध बोलला तेव्हा त्याची साक्ष घेतलीस. आज माझ्या बाजूने बोलतोय तर मुका झाला? सगळ्यांच्या बंदुका टेबलावर!"

या वेळी आम्ही सगळेच तिच्यामागून गेलो. पांढऱ्या पत्र्यावर मध्ये काही नव्हतं, वर काही नव्हतं. उजव्या कडेला, अगदी काठावर, नखाएवढा राखाडी ओरखडा होता. चोयाला तो दिसला नाही. पाद्रीने तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या ओरखड्यावर नेऊन ठेवलं. रंग अजून ओला होता, बोटाला शिसं लागलं. तिने ते बोट अक्कलदाढच्या नाकासमोर धरलं, आणि त्याने तीन खोडून दोन केले.

मग तिने ब्रश घेतला आणि पुढच्यासाठी तो पत्रा पुन्हा पांढरा केला.

संध्याकाळी टेबलावर राजम्याचं मोठं पातेलं आलं आणि अक्कलदाढ उभा राहून निकाल वाचायला लागला. डुलकी मधे कुठेतरी होता, पाद्री त्याच्या खाली, मी त्याहून खाली. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण शेवटी एकच नाव उरलं होतं. कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी तिची तंबी होती.

"शेवटून पहिली... म्हणजे शेवटची," तो म्हणाला. "चोया. चुकलेले नेम, वीस."

"एकोणीस!" टेबलाच्या त्या टोकाहून ती गरजली.

अक्कलदाढने कागद डोळ्यांजवळ नेला, तिथली खाडाखोड बघितली आणि घसा खाकरला.

"एकोणीस," तो म्हणाला.

"हं," चोया म्हणाली, आणि पाद्रीपुढे ताट धरलं. "वाढ आता. आणि नीट वाढ, मोजून नको."