राखेने घासलेला चुरा

ताईबाईचं माहेर भडगावचं, सासर जळगावचं, आणि आयुष्य खरकटी भांडी घासण्यात गेलेलं. वीस वर्षं तिने मंगल कार्यालयांतली पातेली लखलखीत केली. म्हणूनच संयमभाऊंनी तिला कारखान्यात चुरा धुवायला ठेवलं.

चुरा म्हणजे कठीण ॲल्युमिनियमचे भाग कापताना पडणारी कुरळी, तेलकट कात्रणं. संयमभाऊंचे वडील सोहनलालजी तो जन्मभर भंगारात विकत आले. संयमभाऊंना मात्र त्याची तार करायची होती. चुरा धुवायचा, सुकवायचा, दाबून लादी करायची आणि न वितळवता, नुसती तापवून ती बारीक भोकातून रेटायची. धातूची मूळची ताकद तारेत उतरली पाहिजे, हा त्यांचा ध्यास.

पहिल्या तारा चिवट निघाल्या. मग तुटायला लागल्या.

"कुंदन, ताव किती ठेवलास?" संयमभाऊंनी मशीनवरच्या कुंदनला विचारलं.

"सांगितला तेवढाच, शेठ."

"मग तार काय माझ्या नशिबाने तुटते? सोमवारपासून येऊ नकोस. दुसरा माणूस बघतो."

"भंगार ते भंगारच," सोहनलालजी खुर्चीतून पुटपुटले.

ताईबाईने पायाशी पडलेला तुकडा उचलला. तुटल्या जागी काळा ठिपका होता. नखाने खरवडला तर कचकच लागली. ती कचकच तिच्या बोटांच्या ओळखीची होती.

साबणाने तेलाचा वास जाईना, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तिने घरच्या चुलीची राख आणली होती. चुरा असा उजळला की संयमभाऊ म्हणाले, "ताईबाई, चांदी केलीत!" पातेल्याची राख एका पाण्यात निघते. या कुरळ्यांच्या पोटात ती दडून बसली असणार.

उद्यापासून राख गुपचूप बंद केली तर कुणाला कळणार होतं? नव्या माणसाच्या हाताखाली तार चांगली निघेल आणि सगळे म्हणतील, खोट कुंदनचीच होती. हा शेवटचा विचार तिला गिळवेना.

"भाऊ, कुंदननी चूक नही शे. बठ्ठा चुरा मी राखघाई घासा."

संयमभाऊंनी तिच्या हातातला तुकडा घेतला. "सगळा चुरा राखेने? अहो, विचारायचं तरी!"

"भांडा घासाले कोन इचारस?"

सोहनलालजींना हसू फुटलं. संयमभाऊंना नाही. पंधरा दिवसांचा धुतलेला चुरा आता खरंच भंगारात जाणार होता.

"कुंदन, सोमवारी ये," एवढंच म्हणून ते वळले.

"आन् मी, भाऊ?"

ते दारात थांबले. "तुम्ही पण. राख घरी ठेवून या."

भंगारवाल्याचा टेम्पो आला. ताईबाईने चुऱ्याच्या पहिल्या गोणीला हात घातला. कुंदन धावला. "मावशी, सोडा, मी नेतो. मंगल कार्यालयातलं पातेलं समजलात का गोणीला?"

"धर तिकून," ती म्हणाली आणि आपलं टोक काही सोडलं नाही.