अक्रोडाखालचे टोमॅटो

दौलताबाद रस्त्यावरचे नर्सरीवाले चाचा आधी झाडाचं पान चुरगाळून हुंगतात, मगच बोलतात. काश्मीरहून मी हौसेनं आणलेलं अक्रोडाचं रोप बघून ते म्हणाले होते, "झाड वाढंल सायब, पण अक्रोड लागणार नाय. ह्याला लई थंडी लागती."

यंदा झाड कुंपणाच्या भिंतीहून उंच झालं आणि त्याच्याखाली लावलेल्या टोमॅटोंनी आठवड्यात माना टाकल्या. शेजारचे काका साबणाचं पाणी सोडतात, अशी माझी खात्रीच झाली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडायला जाणारच होतो, पण आधी चाचांना बोलावून सगळं सांगितलं.

त्यांनी पान चुरगाळलं, हुंगलं. "कुणी काय केलं नाय. अक्रोडाच्या मुळातच जहर असतंय. टमाटा जगत नाय त्याच्यापाशी."

माझा जीव भांड्यात पडला. टोमॅटोची अजून तग धरून असलेली दोन रोपं चाचांनी मातीसकट काढली आणि भिंतीवरून काकांना हाक मारली. "घ्या, सायबांनी तुमच्यासाठी ठेवलीत."

काकांनी रोपं घेतली आणि माझ्याकडे बघून हसले. "मला वाटलं, रागावलात की काय!"

चाचांनी अक्रोडाचं आणखी एक पान चुरगाळलं, हुंगलं. ह्या वेळी मात्र काही बोलले नाहीत.